पाहणाऱ्याचा डोळा : स्त्रीवादी दृष्टी आणि आपली मनोरंजनाची आवड

मनोरंजन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे आपण सहज म्हणून जातो. कोणाला लावणी आवडते, कोणाला कव्वाली, कोणाला मारधाडीचा चित्रपट, तर कोणाला संध्याकाळची कौटुंबिक मालिका. आवडीनिवडीवर वाद घालू नये, असा एक समजूतदार संकेतही आहे. परंतु निवासी विद्यालयात वर्षानुवर्षे मुलामुलींसह राहणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा संकेत पाळता येत नाही. स्नेहसंमेलनात कोणते गाणे घ्यावे, सुटीच्या दिवशी वसतिगृहात कोणता चित्रपट दाखवावा, एखाद्या विनोदी नाटुकल्यातील बायकोवरचा विनोद ठेवावा की गाळावा, हे प्रश्न दरवर्षी समोर येतात आणि दरवर्षी त्यांचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर देताना आवड या गोष्टीचा थोडा खोलवर विचार करावा लागला. त्या विचाराचा सारांश या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

स्त्रीवाद हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात एक शंका येते. या दृष्टीने पाहू लागलो तर हसण्या-गाण्याचा आनंदच नाहीसा होईल, प्रत्येक गाण्यात दोष दिसू लागेल, अशी ती शंका आहे. ती अगदीच निराधार नाही. काही काळ तसे होतेही. मात्र स्त्रीवादी विचाराचे मूळ म्हणणे साधे आहे. स्त्री ही पूर्ण माणूस आहे, तिला स्वतःचे मन, बुद्धी, इच्छा आणि निर्णय आहेत. हे एकदा मनापासून मान्य केले की, जिथे तिला माणूस म्हणून वगळले जाते तिथे पूर्वीसारखे हसू येत नाही आणि जिथे ती माणूस म्हणून उभी राहते तिथे पूर्वी न जाणवलेला आनंद जाणवू लागतो.

अभिरुची घडते कशी

आपली आवड जन्मजात असते, असे वाटते. प्रत्यक्षात ती घडवली जाते. याचे एक ठळक उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. नारायण श्रीपाद राजहंस अर्थात बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. त्यांची गायकी थोर होती, याविषयी दुमत नाही. पण त्यांच्या साडी नेसण्याच्या, केशभूषेच्या आणि वावरण्याच्या पद्धतींचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. स्त्रीने कसे दिसावे आणि कसे लाजावे, याचा आदर्श एका पुरुषाने रंगमंचावर उभा केला आणि तो स्त्रियांनी आपलासा केला. त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीने रंगमंचावर येणे कलंक मानले जात असे.

त्याच महाराष्ट्रात, त्याच काळात, दुसऱ्या एका मंचावर मात्र स्त्रिया प्रत्यक्ष नाचत-गात होत्या. तो मंच तमाशाचा होता आणि त्या स्त्रिया प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील होत्या. एका मंचावरील स्त्रीरूप ‘अभिरुचिसंपन्न’ ठरले आणि दुसऱ्या मंचावरील स्त्री ‘निर्लज्ज’ ठरली. तिला पाहायला जाणाऱ्यांत मात्र सर्व जातींचे पुरुष होते. उच्च आणि नीच अभिरुची यांची आपल्याकडील विभागणी अशी जात आणि लिंग या दोन्हींच्या पायावर उभी आहे. म्हणून मनोरंजनाकडे केवळ स्त्री-पुरुष भेदाच्या चष्म्यातून पाहिले तर अर्धेच दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांशी बोलताना त्यांनी साडी नेसण्याच्या पद्धतीचा आणि दागिन्यांचाही विषय काढला, कारण अंगावरचा वेश पाहून जात ओळखू यावी अशी व्यवस्था समाजाने करून ठेवली होती. जे ‘आपल्याकडची पद्धत’ म्हणून आवडीने अंगावर वागवले जात होते, त्यात गुलामीची खूण होती. आवडीची चिकित्सा कशी करावी, याचा तो वस्तुपाठ होता.

लावणीचा अवघड प्रश्न

स्त्रीवादी दृष्टीची खरी परीक्षा लावणीच्या बाबतीत होते. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, तर त्यांच्या फडातील विख्यात पवळा ही महार समाजातील. त्यांच्या खेळांना अफाट गर्दी लोटे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीसाठी देऊ केले असता बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. आपल्याच समाजातील स्त्रियांना नाचवून मिळालेल्या पैशावर त्यांच्या मुक्तीचा लढा उभारायचा नाही, हा त्यामागील विचार होता. पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातील शृंगाराच्या जागी प्रबोधन आणले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी गावोगाव हा नवा खेळ नेला. मनोरंजन टाकून न देता त्याचा आशय बदलता येतो, हे या जलशांनी सिद्ध केले.

इथपर्यंत आपण सारे सहमत असतो. अवघड भाग पुढे आहे. बाबासाहेबांचा नकार शोषणाला होता, की नाचणाऱ्या स्त्रीला? आपल्या समाजातील अनेक सुशिक्षित कुटुंबांनी कालांतराने तमाशाशी असलेले नाते लपवायला सुरुवात केली. लावणी म्हटले की नाक मुरडणे हे सुधारलेपणाचे लक्षण झाले. त्यातून त्या कलेत आयुष्य घालवलेल्या आपल्याच आज्या-पणज्यांचा अपमान होतो, हे मात्र ध्यानात आले नाही. राष्ट्रपती पदकाने गौरवल्या गेलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. मध्येच आत जाऊन त्यांनी बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि त्या पुन्हा मंचावर आल्या. हा प्रसंग ‘कलेवरील निष्ठा’ म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. स्त्रीवादी दृष्टी इथे थांबून विचारते : त्या रात्री खेळ थांबवण्याची मुभा त्यांना का नव्हती? प्रेक्षकांच्या शिट्ट्यांना त्या बाईच्या देहावर इतका हक्क कोणी दिला? आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते, ही समाधानाची बाब आहे. पण गौरव करताना हे प्रश्नही विचारले गेले पाहिजेत.

समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांचा अभ्यास करताना हाच धागा उलगडला. या कलाप्रकारांमागे जातीने बांधलेले स्त्रियांचे श्रम आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. हा प्रश्न जुना झालेला नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली, तेव्हा स्त्रीवादी विचारांच्या लोकांमध्येच मतभेद झाले. काहींना बंदी म्हणजे स्त्रियांच्या उपजीविकेवरील घाला वाटला, तर दलित स्त्री चळवळीतील अनेकींना विशिष्ट जातींच्या मुलींनीच हे काम का करावे, हा मूळ प्रश्न महत्त्वाचा वाटला. दोन्ही बाजूंनी स्त्रीच्या माणूसपणाचीच काळजी वाहिली जात होती. स्त्रीवाद म्हणजे ठरावीक उत्तरांची वही नव्हे, हे यावरून कळावे.

आमच्यापुरता आम्ही काढलेला निष्कर्ष असा : लावणीतील ताल, पदन्यास, शब्दांची चमक आणि गाणारणीचा ठसका यांचा आनंद घ्यावा, तिच्यामागील इतिहास मुलांना सांगावा आणि कलावंत स्त्रीला कधीही हिणवू नये. मात्र कोवळ्या मुलींना मोठ्यांच्या नजरेसाठी नटवून शृंगारिक गाण्यांवर नाचवू नये.

कॅमेरा कोणाच्या डोळ्याने पाहतो

चित्रपटाविषयी विचार करताना १९७५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक स्त्रीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. प्रचलित चित्रपटांत पुरुष पाहतो आणि स्त्री पाहिली जाते; कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याची जागा घेतो आणि प्रेक्षक, मग तो स्त्री असो वा पुरुष, त्याच डोळ्याने पाहू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतील ॲलिसन बेक्डेल यांनी आपल्या चित्रमालिकेत एक साधी कसोटी मांडली : चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य कशाविषयी तरी असावे. ही कसोटी लावून पाहा. आपले कित्येक आवडते चित्रपट तिथेच अडखळतात. अर्थात ही चाळणी आहे, तराजू नव्हे. तिने चित्रपटाची थोरवी मोजता येत नाही. सवयीने न दिसणारी उणीव तेवढी दिसू लागते.

नागराज मंजुळे यांचे दोन चित्रपट या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘फँड्री’ (२०१३) मध्ये जब्याच्या मनातील शालू आपल्याला बहुतांशी दुरूनच, त्याच्या नजरेतून दिसते. तिच्या मनात काय आहे हे कळत नाही. तरीही जातीच्या अपमानाचे इतके सच्चे चित्रण मराठी पडद्यावर क्वचितच झाले आहे. म्हणजे एका डोळ्याने उणीव दिसते आणि दुसऱ्या डोळ्याने थोरवी. दोन्ही डोळे उघडे ठेवूनच पाहावे लागते. ‘सैराट’ (२०१६) मध्ये ही नजर उलटते. पाटलाची मुलगी आर्ची मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परशाकडे उघडपणे पाहते, बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, स्वतः निर्णय घेते. नायकालाही दिग्दर्शक सूट देत नाही. परक्या शहरात संसार मांडल्यावर संशयाने पेटलेला परशा तिच्यावर हात उगारतो, तेव्हा पुरुषीपणा कोणत्याही एका जातीची मक्तेदारी नाही, हे प्रेक्षकाला कळते. आणि अखेरीस जातीच्या इभ्रतीसाठी दोघांची हत्या होते. मुलीच्या निवडीचा अधिकार आणि जातीची भिंत यांचा संबंध किती जीवघेणा आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या जातिसंस्थेवरील आपल्या प्रबंधात विवाहबंधनांच्या विश्लेषणातून सांगितले होते. तेच शंभर वर्षांनी पडद्यावर आले. खंत एवढीच की, वरातीत आणि मिरवणुकीत त्या चित्रपटाचे नाचण्याजोगे गाणे तेवढे उरले आणि रक्ताने भरलेली लहान मुलाची पावले विसरली गेली.

सोसणे आणि निघून जाणे

१९३७ साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. शांता आपटे यांनी रंगवलेली ही नायिका आजही ताजी वाटते. १९७२ च्या ‘पिंजरा’ मध्ये मात्र त्याच दिग्दर्शकाने आदर्श गुरुजींच्या अधःपतनाची शोकांतिका रंगवली. चित्रपटाचा सारा भर गुरुजींनी काय गमावले यावर आहे. तमाशातील चंद्रकलेचे आयुष्य त्यापुढे दुय्यम ठरते.

१९८२ चा ‘उंबरठा’ आणि १९९१ चा ‘माहेरची साडी’ ही आणखी एक जोडी. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ मध्ये स्मिता पाटील यांनी रंगवलेली सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होण्यासाठी घराचा उंबरठा ओलांडते आणि परतल्यावर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे हे कळताच पुन्हा निघून जाते. ‘माहेरची साडी’ मध्ये अलका कुबल यांची नायिका माहेर आणि सासर दोन्हीकडचा छळ निमूटपणे सोसते. हा चित्रपट पाहायला गावोगावच्या बाया गर्दी करून गेल्या आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर आल्या.

इथे स्त्रीवादी म्हणवणाऱ्यांनी एक पथ्य पाळले पाहिजे. त्या रडणाऱ्या बायांना मागासलेल्या ठरवणे हा अहंकार होय. त्यांनी पडद्यावर स्वतःचे दुःख ओळखले होते. घरात ज्यासाठी रडण्याची मुभा नव्हती, त्यासाठी त्या अंधाऱ्या चित्रपटगृहात रडल्या. प्रश्न विचारायचा तो त्या कथेला : तू या दुःखाची ओळख देऊन थांबतेस, की सोसणे हाच सद्गुण आहे असे शिकवतेस? दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि त्याचा निरोध शक्य आहे, असे सांगणाऱ्या बुद्धाच्या अनुयायांना केवळ सोसण्याचे गुणगान पुरेसे वाटता कामा नये.

हसे कोणाचे होते

विनोदाच्या बाबतीत आम्ही मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो : या हसण्याची किंमत कोण मोजते? पुरुषाने लुगडे नेसून मुरडत चालणे, जाड किंवा काळ्या मुलीला पाहून नायकाने पळ काढणे, बायकोच्या बडबडीवर कोट्या करणे, यांत किंमत मोजणारी नेहमी तीच असते. वर्गातील सावळी मुलगी त्या वेळी इतरांबरोबर हसते. पण तिचे हसणे इतरांसारखे नसते. याउलट दांभिक पुढारी, हुंड्याचा हिशेब मांडणारा वरपिता किंवा स्वतःला शहाणा समजणारा नवरा यांच्या फजितीवर हसताना कोणाचेही माणूसपण कमी होत नाही. विनोदाची धार खालून वर जावी, एवढे भान ठेवले तरी स्नेहसंमेलनातील निम्मी नाटुकली सुधारतात आणि हशा मुळीच कमी होत नाही.

आपल्याच मंचाकडे पाहताना

इतरांच्या करमणुकीची चिकित्सा सोपी. आपल्या घरची अवघड. आमच्या विद्यालयात आणि आपल्या वस्त्यांमध्ये दरवर्षी माता रमाईंच्या जीवनावर नाट्यप्रवेश होतात. त्यांत बहुधा गोवऱ्या थापणारी, उपाशी राहणारी, मुलांच्या मृत्यूने खचलेली आणि पतीसाठी सारे सोसणारी रमाई दिसते. हे सारे सत्य आहे आणि त्यापुढे आपण नतमस्तक आहोत. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण करताना त्यांचा मनाचा मोठेपणा आणि निर्मळ शील यांचाही आवर्जून उल्लेख केला होता. पण आपल्या नाटकांत रमाईंना स्वतःचे मत, स्वतःचा विनोद, स्वतःच्या मैत्रिणी अशा किती वेळा असतात? केवळ त्यागाची मूर्ती म्हणून उभी केलेली स्त्री पूज्य होते, पण मुलींना तिच्याकडून ‘सोस’ एवढाच संदेश मिळतो.

आपल्याकडे विषयांचा दुष्काळ नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील कितीतरी कार्यकर्त्या स्त्रिया भेटतात. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली दलित महिलांची परिषद हा एका उत्तम नाटकाचा विषय आहे. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या आत्मकथनावर ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिका झाली होती. एका शिक्षिकेचे जीवन लाखो घरांत पोहोचले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ यांत दुःखाइतकाच खट्याळ विनोदही आहे. मुलींनी हे प्रवेश वाचून दाखवले, तर श्रोते हसतील आणि अंतर्मुखही होतील.

आणखी एक ठेवा आपण विसरत चाललो आहोत. जात्यावर दळताना बायांनी रचलेल्या ओव्या हे पाहणाऱ्या डोळ्यांशिवायचे मनोरंजन होते. पहाटेच्या अंधारात प्रेक्षक नसत. एक गाई, दुसरी जोड देई. सासर, भाऊ, पाऊस, पंढरीची वाट हे विषय त्यात आले, तसे बाबासाहेबही आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्यांना निरक्षर म्हटले गेले, त्या स्त्रिया केवळ करमणूक घेणाऱ्या नव्हत्या, ती घडवणाऱ्या होत्या. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या आजीकडून एक तरी ओवी लिहून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

धम्म आणि आनंद

शेवटी, धम्माच्या दृष्टीने या साऱ्याकडे कसे पाहावे? अष्टशीलात नृत्य, गीत, वादन आणि खेळतमाशे पाहण्यापासून विरतीचे शील आहे. पण ते उपोसथाच्या दिवशी स्वीकारायचे व्रत आहे. पंचशील पाळणाऱ्या उपासक-उपासिकेला गाणे निषिद्ध नाही. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी सतत खेळतमाशांच्या मागे धावण्याचे दोष सांगितले आणि त्याच सुत्तात पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, असेही सांगितले. स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा उपजते, ही प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आपण जाणतो. पडद्यावरील दृश्य डोळ्यांवर आदळते, ते सुखद वाटते आणि तेच पुन्हा हवेसे होते. या साखळीत मध्येच थांबून ‘हे मला का आवडले?’ असे विचारणे, हीच योनिसो मनसिकाराची, सम्यक लक्ष देण्याची रीत होय.

थेरीगाथेत शुभा थेरीची कथा आहे. जीवकाच्या आम्रवनाकडे जाताना एक तरुण तिची वाट अडवतो आणि तिच्या डोळ्यांच्या सौंदर्याची स्तुती करीत राहतो. अखेर ती आपला डोळा काढून त्याच्या हातावर ठेवते. तो हादरतो आणि क्षमा मागतो. ‘पाहणे’ या क्रियेतील हिंसा इतक्या थेटपणे दाखवणारे काव्य एका भिक्खुणीच्या नावावर अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आले आहे. स्त्रीवादी दृष्टी परकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी थेरीगाथा अवश्य वाचावी.

डोळा काढून देण्याची वेळ कोणाही मुलीवर येऊ नये. पाहणाऱ्याचा डोळाच बदलावा, एवढीच आमची आकांक्षा आहे. पालकांना आमचे सांगणे आहे की, घरातील दूरचित्रवाणी बंद करून हा बदल होणार नाही. मुलांशेजारी बसून पाहा, मालिका संपल्यावर पाच मिनिटे बोला, मुलीला काय खटकले ते आधी विचारा आणि मुलाला त्याचे उत्तर ऐकू द्या. आवड हळूहळू बदलते. जे विद्यार्थी या विद्यालयातून बाहेर पडून आज स्वतःचे संसार करीत आहेत, त्यांच्या घरांत गाणे असो, हसणे असो, चित्रपट असोत. आणि त्या हसण्यात घरातील प्रत्येक स्त्री मोकळेपणाने सामील असो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.